लिव्हरपूलचा भाव आणि सुप्याची होळी

परदेशी व्यापाराने देश श्रीमंत होतो की लुटला जातो, हा वाद निघाला की मला कापसाची गोष्ट आठवते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मोर्चा आपल्याकडे वळवला. लिव्हरपूलला भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, कंपन्या, शेअर यांचं नुसतं पीक! १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि सट्टेबाजांचे राजे प्रेमचंद रायचंदही बुडाले.

मुंबई सावरली. पण त्या तेजीत इकडे धान्यही महागलं होतं. पुणे जिल्ह्यात ३० वर्षांनी साऱ्याची फेरआकारणी झाली, ती हे चढे भाव धरून. पुढे भाव उतरले, सारा उतरला नाही. कुणबी सावकाराच्या वहीत रुतत गेला. मे १८७५ मध्ये सुप्याला लोकांनी त्याच वह्या आणि खतं जाळली.

व्यापार वाईट, असं मी म्हणणार नाही; त्याच पैशाने मुंबई उभी राहिली. पण तेजीची कमाई एकाकडे आणि मंदीची वसुली दुसऱ्याकडून, हा हिशोब सरकारने मांडला होता. आजही निर्यातीचे आकडे वाचताना मी आधी तेच शोधतो: मंदीचं बिल कुणाच्या नावावर?