हलत्या चित्रांची साक्ष

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दप्तराचे रुमाल, मोडी कागद, ताम्रपट, फार तर एखादा शिलालेख उभा राहतो. गेल्या सव्वाशे वर्षांत या साधनांत एका नव्या साधनाची भर पडली आहे. ते म्हणजे वृत्तचित्राची फीत. कागद बोलतो, पण हलत नाही. फितीतली माणसे चालतात, हॅट उंचावतात, घाईघाईने रस्ता ओलांडतात. म्हणूनच पाहणाऱ्याचा तिच्यावर चटकन विश्वास बसतो. हा विश्वास कितपत बसू द्यावा, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न आहे. उदाहरणे अमेरिकेची घेतली आहेत; कारण तेथे या फिती पुष्कळ जपल्या गेल्या आणि त्यांची चिकित्साही झाली.

सन १९०१. न्यूयॉर्क संस्थानातील बफलो शहरी मोठे प्रदर्शन भरले होते. ५ सप्टेंबरला अध्यक्ष मॅकिन्ली यांनी तेथे भाषण केले. एडिसन कंपनीच्या माणसांनी ते टिपले. फीत मुकी, त्यामुळे अध्यक्ष काय बोलले ते वर्तमानपत्रांतच वाचावे लागते. दुसऱ्या दिवशी संगीतमंदिर नावाच्या इमारतीत अध्यक्ष लोकांशी हस्तांदोलन करीत असता, रांगेतून आलेल्या चोल्गोश नावाच्या तरुणाने हाताला गुंडाळलेल्या रुमालाआडून त्यांच्यावर पिस्तूल झाडले. कॅमेरा त्या वेळी इमारतीबाहेर होता. आतले काहीच त्याला दिसले नाही. त्याला दिसली ती बाहेर उसळलेली गर्दी. आमच्या मते त्या गर्दीची फीत भाषणाच्या फितीहून मोलाची आहे. कॅमेऱ्यासमोर नीट कसे उभे राहावे याचे भान त्या लोकांना उरलेले नाही. १४ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. त्यांच्या अंत्ययात्रेचीही चित्रे निघाली.

येथवर सारे अस्सल. पुढे मात्र घोटाळा आहे. २९ ऑक्टोबरला ऑबर्न येथील तुरुंगात चोल्गोशला विजेच्या खुर्चीत देहान्त शिक्षा देण्यात आली. कॅमेऱ्याला आत प्रवेश नव्हता. तेव्हा कंपनीने तुरुंगाच्या भिंती बाहेरून टिपल्या आणि त्यांना जोडून, नट घेऊन, शिक्षेचा देखावा उभा केला. खुर्ची तपासली जाते, कैदी आणला जातो, पट्टे आवळले जातात, सगळे कसे शांतपणे. प्रत्यक्षदर्शीच्या वर्णनावरून हा देखावा रचला आहे असे कंपनीने आपल्या सूचीपत्रात छापले होते. म्हणजे गिऱ्हाइकाला फसवले असे म्हणता येणार नाही. पण सूचीपत्र वाचतो खेळ विकत घेणारा. तंबूत बसलेल्या प्रेक्षकाला खऱ्या भिंतींमागून खोटी खोली दिसे आणि जोड कोठे आहे ते कळत नसे. आपल्याकडच्या बखरींची हीच गत नाही का? किल्ला खरा, तिथी खरी, आणि मधला संवाद बखरकाराच्या पदरचा! राजवाड्यांनी बखरी आणि अस्सल पत्रे यांत जो भेद करायला शिकवले, तोच येथे लावावा लागतो. अर्थात बखर टाकून देता येत नाही. लोकांना काय पाहायची ओढ होती, ते तीच सांगते.

या फिती उरल्या त्याची कथाही गमतीची आहे. त्या काळची फीत नायट्रेटची. ती आपोआप कुजते आणि दारूसारखी पेटते. पण १९१२ पर्यंत अमेरिकेच्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात चलच्चित्राला स्वतंत्र स्थान नव्हते. छायाचित्राला होते. म्हणून कंपन्यांनी प्रत्येक चित्र लांबच लांब कागदी गुंडाळीवर छापून ती वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात दाखल केली. फिती गेल्या, कागद राहिले! अशा तीन हजारांहून अधिक चित्रपटांच्या गुंडाळ्या तेथे निघाल्या, आणि १९५०–६० च्या सुमारास त्या पुन्हा फितीवर उतरवण्यात आल्या. त्याच १९०१ साली, डिसेंबरात, रँग्लर परांजपे विलायतेहून मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्र आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, घेतले होते. ते आज नाही. कागदावर छापून ठेवा म्हणणारे येथे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण सान फ्रान्सिस्कोचे. माइल्स बंधूंनी ट्रामच्या तोंडाशी कॅमेरा बसवून मार्केट स्ट्रीटवरून बंदराच्या मनोऱ्यापर्यंत प्रवास केला. घोडागाड्या, सायकली, वर्तमानपत्रे विकणारी पोरे, आणि मोटारी तर इतक्या की हे शहर भलतेच श्रीमंत असावे असे वाटते. पण कोणी चिकाटीने मोजून पाहिले, तेव्हा त्याच त्या मोटारी ट्रामला वळसे घालून पुन्हा पुन्हा पुढे येत असल्याचे दिसले; एक तर दहादा. फितीवर तारीख नव्हती. ग्रंथालयाने ती १९०५ च्या सप्टेंबरात धरली होती. पुढे डेव्हिड कीन या संशोधकाने रस्त्यावरची पाण्याची डबकी पाहिली, जुन्या वर्तमानपत्रांतले पावसाचे वृत्त चाळले, मोटारींच्या क्रमांकांची नोंदणी तपासली, आणि ती फीत एप्रिल १९०६ ची ठरवली. १८ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला. म्हणजे त्या रस्त्यावरील इमारती आणि माणसे यांच्यापुढे मोजकेच दिवस होते. एका डबक्यावरून हे उमगले. आम्हांला कालनिर्णयाचा याहून सुंदर नमुना ठाऊक नाही.

१९११ नंतर आठवड्याच्या आठवड्याला वृत्तचित्रे निघू लागली, १९२७ पासून ती बोलूही लागली. त्यांतले बहुतेक घोड्यांच्या शर्यती, सौंदर्यस्पर्धा आणि पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

पण ३० मे १९३७ चा प्रसंग तसा नाही. शिकागोत रिपब्लिक पोलाद कारखान्याच्या संपवाल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहाजण प्राणास मुकले. जमावाने हल्ला केला, असे पोलिसांचे म्हणणे. पॅरामाउंट कंपनीचा चित्रकार तेथे हजर होता. कंपनीने मात्र, लोक प्रक्षुब्ध होतील या सबबीवर, ती फीत दाखवली नाही. अखेर ला फॉलेट यांच्या अध्यक्षतेखालील सेनेटच्या समितीने ती मागवून पाहिली. पळणाऱ्या माणसांच्या पाठीवर लाठ्या पडताना तीत स्पष्ट दिसत होत्या. आणि गंमत अशी, की गोळीबार सुरू झाला नेमक्या त्या क्षणी चित्रकार भिंग बदलीत होता! तेवढी जागा कोरीच आहे. ती भरून काढली वैद्यकीय पुराव्याने: मृतांपैकी सातांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या, तिघांना कुशीत, समोरून एकालाही नाही. तरीही मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी गोळीबार समर्थनीयच ठरवला, आणि कोणाही पोलिसावर खटला झाला नाही.

१९६७ साली अमेरिकेतली शेवटची वृत्तचित्रे बंद पडली. १९७८ च्या डिसेंबरात राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूटलंड येथील कोठारांना आग लागून युनिव्हर्सल कंपनीच्या वृत्तचित्रांची सव्वा कोट फुटांहून अधिक फीत जळाली. शिकागोची फीत मात्र शाबूत आहे. १९९७ साली तिला राष्ट्रीय चित्रपट-सूचीत स्थान मिळाले. त्या सूचीत तिच्या नावात ‘दंगल’ हा शब्द अजून तसाच आहे.