छोटा ट्रॅक्टर आणि चाऱ्याचा बेलर : जोडी कशी जुळवावी?

बेंगळुरूच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेला असलेली चामराजपेट ही वसाहत १८९२ मध्ये वसली. कन्नड साहित्य परिषदेचे मुख्यालय येथेच आहे. आज हा शहराचा अत्यंत दाट वस्तीचा भाग असला, तरी येथील गोठे पूर्णपणे बंद झालेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये येथे तीन गायींवर झालेल्या क्रूर हल्ल्याच्या बातम्या देशभर पोहोचल्या आणि राजधानीच्या मध्यवस्तीत अजूनही दुभती जनावरे पाळली जातात, हे अनेकांना प्रथमच समजले.

अशा गोठ्यांना ना कुरण असते, ना गंजी रचायला जागा. चारा बाहेरूनच आणावा लागतो. मंड्या परिसरातील कालव्याखालच्या भातशेतीत पेंढा मिळतो, तर कोलार आणि तुमकुरू या कोरडवाहू पट्ट्यांत नाचणीचा काड. मोकळा पेंढा एका घनमीटरमध्ये जेमतेम ४० ते ५० किलो मावतो. यंत्राने गठ्ठे बांधले, तर तेवढ्याच जागेत १०० ते १२० किलो बसतो. म्हणजे मोकळ्या पेंढ्याला जिथे दोन खेपा लागतात, तिथे गठ्ठ्यांना एक पुरते. चाऱ्याच्या दरात वाहतुकीचा वाटा मोठा असल्याने हा फरक शेतकरी आणि गोठेवाला या दोघांच्याही हिशेबात दिसतो.

अडचण शेताच्या बाजूला आहे. पेंढा ज्यांच्याकडे असतो त्या अल्पभूधारकांजवळ बहुधा १५ ते ३० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर असतो आणि बाजारातील बरेचसे बेलर ३५ अश्वशक्ती व त्यावरील ट्रॅक्टरसाठी बनवलेले असतात. छोट्या ट्रॅक्टरशी बेंगळुरूचे नाते जुने आहे. पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर बनवणारी व्हीएसटी ही कंपनी जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने १९६७ मध्ये याच शहरात उभी राहिली. महाराष्ट्रात हेच ट्रॅक्टर नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फवारणीसाठी ओळखीचे आहेत. मात्र फवारणीला पुरणारा ट्रॅक्टर गठ्ठे बांधण्यासही पुरेल, असे गृहीत धरता येत नाही.

पाटीवरचा आकडा आणि मागचा आकडा

बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. बेलर चालतो तो ट्रॅक्टरच्या मागील पीटीओ शाफ्टवर आणि तिथपर्यंत पोहोचणारी शक्ती इंजिनाच्या साधारण ८० ते ८५ टक्के असते. २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर बेलरच्या वाट्याला सुमारे २० अश्वशक्ती येते. चाके फिरवण्याची शक्तीही याच इंजिनातून जाते. माहितीपत्रकात ‘किमान २० अश्वशक्ती’ असे छापले असेल, तर ती इंजिनाची की पीटीओची, हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावा. ओलसर पेंढा आणि चढाची जमीन यांसाठी किमान पाव हिस्सा शक्ती राखीव असणे इष्ट.

बहुतेक बेलर पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतात. ही गती इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांवरच मिळते. त्यामुळे ‘हळू जायचे’ म्हणून थ्रॉटल कमी करणे ही चूक ठरते. गती गिअरने कमी करावी आणि इंजिन नेमून दिलेल्या फेऱ्यांवरच ठेवावे. काही ट्रॅक्टरांत ५४० व्यतिरिक्त दुसरी, अधिक वेगाची पीटीओ गतीही असते. त्या गतीवर हा बेलर जोडल्यास यंत्र मोडण्याची आणि माणूस जखमी होण्याची शक्यता असते.

क्लच, लिफ्ट आणि वजन

खरेदीच्या वेळी सर्वाधिक दुर्लक्ष क्लचकडे होते. गोल गठ्ठा पूर्ण भरला की ट्रॅक्टर थांबवावा लागतो. पीटीओ मात्र फिरत राहावा लागतो, कारण त्याच फिरण्यातून गठ्ठ्याभोवती सुतळी गुंडाळली जाते. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरवर हे सहज होते. एकेरी क्लचवर पेडल दाबताच चाकांबरोबर पीटीओही थांबतो. मग न्यूट्रल करून पुन्हा क्लच सोडावा लागतो आणि भरलेला बेलर थांबलेल्या स्थितीतून झटक्याने सुरू होतो. प्रत्येक गठ्ठ्यामागे हा ताण क्लच प्लेटवर आणि बेलरच्या साखळ्यांवर येतो. जुना, एकेरी क्लचचा ट्रॅक्टर असेल, तर बेलर विकत घेण्यापूर्वी एवढ्या एका कारणासाठीही थांबून विचार करणे योग्य.

गठ्ठा बाहेर टाकण्यासाठी मागचे दार उघडण्याची व्यवस्था काही बेलरमध्ये यांत्रिक, तर काहींमध्ये हायड्रॉलिक असते. छोट्या ट्रॅक्टरांवर बहुधा केवळ लिफ्टपुरते हायड्रॉलिक मिळते. बाहेरच्या सिलिंडरसाठी तेलाची जोडणी वेगळी बसवून घ्यावी लागते. तिचा खर्च कोटेशनमध्ये अनेकदा नसतो.

वजनाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. या गटातील ट्रॅक्टर बहुधा टनापेक्षा कमी वजनाचा असतो. थ्री-पॉइंट लिंकेजवर उचलायचा लहान बेलर काही शे किलोंचा भरतो, त्यात गठ्ठ्याची भर पडते. मागे एवढे ओझे आले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सुटते. ट्रॅक्टरच्या मोकळ्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या आसावर राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यासाठी पुढे वजने लावावीत अथवा स्वतःच्या चाकांवर चालणारा, ओढायचा बेलर निवडावा.

गोल की चौकोनी?

चौकोनी गठ्ठे रचायला सोयीचे, म्हणून व्यापाऱ्यांना ते आवडतात. मात्र त्या बेलरमधील दट्ट्या मिनिटाला ८० ते १०० ठोके मारतो, त्यासाठी जड फ्लायव्हील असते आणि संपूर्ण यंत्र टनाहून अधिक वजनाचे असते. हलका ट्रॅक्टर प्रत्येक ठोक्याला पुढे-मागे हिसकला जातो. छोट्या ट्रॅक्टरमागे चौकोनी बेलर लावण्याचा विचारच सोडून द्यावा, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

छोट्या ट्रॅक्टरला शोभतो तो मिनी राउंड बेलर. लहान भातखाचरांच्या जपानमध्ये या प्रकारची यंत्रे रूढ आहेत. सुमारे ५० सेंटिमीटर व्यासाचा आणि ७० सेंटिमीटर लांबीचा गठ्ठा पेंढ्याचा असल्यास १५ किलोंच्या आसपास भरतो. व्यास ६० आणि लांबी ९०-९५ सेंटिमीटर केली, की तोच गठ्ठा २५ किलोंवर जातो आणि ट्रॅक्टरही मोठा लागतो. १५ किलोंचा गठ्ठा एकटा माणूस गल्लीतून खांद्यावर नेऊ शकतो. चामराजपेटसारख्या ठिकाणी हा गुण कमी मोलाचा नाही. गाईला दिवसाला पाच-सहा किलो सुका पेंढा धरला, तर एक गठ्ठा तिला अडीच दिवस पुरतो.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. कंबाइन हार्वेस्टर मागे सोडतो ती पेंढ्याची ओळ रुंद आणि उंच असते. छोट्या ट्रॅक्टरचे पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असते. पेंढा त्यात अडकून ओढला जातो आणि गरम सायलेन्सरजवळ साठल्यास पेटूही शकतो. मिनी बेलरची उचलणीही अरुंद असते. म्हणून आधी रेकने किंवा हाताने पेंढ्याच्या लहान ओळी करून घ्याव्यात. नाचणीचा काड मळणीनंतर ढिगात पडलेला असतो. उभ्या बेलरमध्ये तो भरायचा झाल्यास लांब दांड्याचे दाताळे वापरावे. चालू बेलरच्या तोंडाशी हात नेऊ नये आणि पीटीओ शाफ्टवरील आवरण काढून काम करू नये. लुगड्याचा पदर किंवा लुंगीचे टोक त्यात गुरफटले, तर सोडवायला क्षणही मिळत नाही.

कोणता माल बांधायचा, यावरही जोडी ठरते. मऊ पेंढा, गवत आणि गव्हाचा काड मिनी बेलरला झेपतो. उसाचे पाचट मात्र राठ आणि पसरट असते. त्यासाठी ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्या ताकदीचा बेलरच हवा. ज्वारीचा कडबा पेंढ्या बांधूनच विकला जातो, त्याला बेलरची गरज नाही.

ओल आणि सुतळी

पेंढ्यातील ओलावा १५ ते १८ टक्क्यांच्या वर असताना बांधलेला गठ्ठा आतून तापतो आणि बुरशी धरतो. काही बुरशींतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटातून दुधात उतरते. दुधातील अफ्लाटॉक्सिन एम१ साठी देशात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. दव वाळल्यावर, पेंढा पिळला असता मोडू लागेल तेव्हाच बेलर शेतात घालावा. ओल्या पेंढ्याने यंत्रावरचा भारही वाढतो. ट्रॅक्टर जेमतेम ताकदीचा असेल, तर ते प्रथम तिथेच जाणवते.

सुतळी शक्यतो तागाची असावी. प्लॅस्टिकची दोरी स्वस्त आणि मजबूत असते खरी. परंतु गठ्ठा घाईत सोडताना तिचे तुकडे चाऱ्यात राहतात आणि गाईच्या पोटात साठतात. शहरातल्या गाईच्या पोटात प्लॅस्टिक तसेही पुष्कळ जाते.

विकत घ्यावा की भाड्याने?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, म्हणजे सुमारे पावणेतीन एकर आहे. एकरी एक टन पेंढा गोळा झाला, तर १५ किलोंचे ६५ ते ७० गठ्ठे होतात. मिनी बेलर तासाला ५० गठ्ठे बांधतो असे धरल्यास एका सरासरी शेतकऱ्याचे एका हंगामाचे काम चार तासांत संपते. चार तासांसाठी लाखोंचे यंत्र घेणे व्यवहारात बसत नाही. आसपासच्या पन्नासेक शेतकऱ्यांचे काम हाती असेल, तेव्हाच खरेदीला अर्थ आहे. कर्नाटकात ‘कृषी यंत्रधारे’ ही भाड्याने अवजारे देणारी केंद्रे २०१४-१५ पासून सुरू झाली. महाराष्ट्रातही अवजार बँका आहेत. खरेदी करणाऱ्यांसाठी एवढे की, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि बेलर या दोहोंवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

पैसे देण्यापूर्वी प्रात्यक्षिक स्वतःच्या ट्रॅक्टरवर आणि स्वतःच्याच शेतात मागावे. विक्रेत्याच्या अंगणातील कोरड्या पेंढ्यावर सर्वच बेलर चालतात. सलग अर्धा एकर काम करून पाहावे. गठ्ठा भरत आला असता इंजिनाच्या फेऱ्या किती खाली येतात, तापमानाचा काटा कुठवर चढतो आणि मागचे दार उघडताना पुढची चाके उचलली जातात का, हे पाहावे. फेऱ्या स्पष्टपणे पडून पुन्हा वर यायला वेळ लागत असेल, तर लहान बेलर मागावा.