खाडीकडे जाणारा रस्ता
कुडा लेण्यांतल्या एका ब्राह्मी शिलालेखात कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे. कुडा आमच्या राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला, मांदाडजवळ. लेख निदान सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचा. कऱ्हाड घाटावरचं, म्हणजे इथे पोचायचं तर सह्याद्री उतरायलाच हवा. ताम्हिणी घाट सायकलने उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर होतात, तेव्हा मला हा महिक हटकून आठवतो.

मी पुण्यात फिटर आहे, मूळ घर राजपुरी खाडीवरच्या दिघीला. शिमग्याला गावी जातो तो सायकलने. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. कंपनीतल्या मित्रांना वाटतं, ताम्हिणी झाला की सुटलो. पण घाटावरून येणाऱ्याला ताम्हिणी हा उतार आहे. खरी कसोटी माणगावच्या पुढे लागते. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं, दमट हवेत घाम वाळत नाही, पाठीला कळ लागलेली असते, आणि समोर घोणसे घाट उभा राहतो. सह्याद्रीपुढे तो काहीच नाही. पण सव्वाशे किलोमीटर मारून आलेल्या मांड्यांना ते कोण सांगणार? सगळ्यात हलका गिअर टाकायचा, नजर चाकापुढच्या दोन हातांवर ठेवायची आणि पोटऱ्यांत गोळे येऊ नयेत म्हणून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायचं. म्हसळा आलं तरी सुटका नाही. मेंदडी, वडवली, पुन्हा चढ, पुन्हा उतार. खडी उखडलेली असली की उतारावरही विसावा मिळत नाही, हँडलचे हादरे खांद्यापर्यंत जातात.

हे चढ-उतार पार करता करता मला माझ्या गावाचा इतिहास कळला, असं मी म्हणेन. सह्याद्रीच्या सोंडा इथे थेट समुद्रापर्यंत आल्या आहेत आणि दोन सोंडांच्या मध्ये खाडी शिरली आहे. पायी किंवा बैल घेऊन निघालेल्याला प्रत्येक सोंड चढावी लागे. होडीवाला मात्र भरतीबरोबर सरळ आत जाई. माझे आजोबा दिघीहून म्हसळ्याला मचव्यातूनच जात, भरतीला निघायचं आणि ओहोटीला परतायचं. डोंगरातली वाट असूनही तिने कोणी आपणहून जात नसे.

जंजिऱ्याच्या सिद्दीचं राज्य टिकलं त्यातही या भूगोलाचा वाटा मोठा आहे. जंजिरा संस्थानाचं मुरुड खाडीच्या पलीकडे, तर म्हसळा आणि श्रीवर्धन अलीकडे. खाडीच्या तोंडाशी किल्ला आणि हाताशी आरमार, म्हणून हे तुकडे एका हाती राहिले. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला. पाण्यात पाण्यानेच लढायचं हा सिद्दीचा डाव मोडायचा तो प्रयत्न होता, आणि मला तो त्या साऱ्या मोहिमेतला सर्वांत धाडसी विचार वाटतो. तो तडीला गेला नाही. संस्थान विलीन झालं ते थेट 1948 मध्ये.

किनाऱ्याने सलग रस्ता हवा, ही मागणी लावून धरणारे मुख्यमंत्री आमच्याच भागातले होते. बॅरिस्टर अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे, 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. मी येतो तो आडवा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 753-एफ झाला आहे, तो पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिघी बंदरापर्यंत येतो. रुंदीकरणाने वळणं सौम्य झाली, चढ तेवढेच राहिले. मालाने भरलेला ट्रक घोणशाला पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतो आणि मी त्याच्या मागे, धुरातून, जवळजवळ त्याच वेगाने. माझ्या मते या किनाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्याने एकदा तरी हा चढ पायांनी चढावा. खाडीपलीकडे समोर दिसणाऱ्या आगरदांड्याला दिघीचा माणूस आजही रस्त्याने का जात नाही, जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत, का चढतो, हे त्याला विचारावं लागणार नाही.