पिंजऱ्यातले कबूतर आणि पहिली बंदूक

ट्रॅप म्हणजे सापळा. नेमबाजीच्या एका खेळाला हे नाव कसे पडले हे कळले, की शिकाऊ नेमबाजाने पहिली बंदूक कशी निवडावी या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले शौकीन जिवंत कबूतर पेटीत कोंडत. दोरी ओढली की झाकण उघडे, कबूतर वर आणि पुढे झेपावे आणि मागे उभा असलेला नेमबाज बार काढी. ती पेटी म्हणजे ट्रॅप. सजीवाला निशाणा बनवण्यास पैगंबरांनी (स.) सक्त मनाई केल्याचे हदीसमध्ये आहे. युरोपात मात्र हा खेळ प्रतिष्ठेचा होता. 1900 साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरे मारली गेली.

त्याआधीच, 1880 साली, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची तबकडी आणली होती. ब्रिटनने 1921 मध्ये कोंडलेल्या पक्ष्यांवरील नेमबाजी कायद्याने बंद केली. कबूतर सुटले, पण त्याची वाट कायम राहिली. तबकडीही नेमबाजापासून दूर आणि वर जाते.

ट्रॅपच्या बंदुकीची घडण या वाटेवरून ठरली. दस्त्याची वरची कड उंच असते, म्हणून छर्रे किंचित वर जातात आणि चढती तबकडी नळीआड न जाता नजरेसमोर राहते. नळी साधारण 30 ते 32 इंच लांब असते, त्यामुळे बंदूक फिरवताना हिसका बसत नाही. तबकडी दूरवर फोडायची असल्याने नळीचे तोंड आवळते असते. ऑलिंपिक प्रकारात एका तबकडीवर दोन बार काढता येतात, म्हणून वर-खाली नळ्यांची बाराबोअर दुनळी चालते. अमेरिकी पद्धतीत एकच बार असतो, तिथे एकनळीही पुरते. तेव्हा आपण कोणता प्रकार खेळणार, हे आधी ठरवावे.

नवखे लोक नेमके उलट करतात. नाव, नक्षी किंवा किंमत पाहून बंदूक निवडतात, नाहीतर घरातली शिकारीची बंदूक उचलतात. शिकारीची बंदूक रानोमाळ वागवायची म्हणून हलकी असते. पंचवीस तबकड्यांच्या फेरीत तीच खांद्याला जास्त धक्का देते. मग शिकणारा चाप ओढण्याआधीच दचकू लागतो, आणि ही खोड लवकर जात नाही.

खरी कसोटी साधी आहे. प्रशिक्षकासमोर, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, ती डोळे मिटून खांद्याला लावावी. डोळे उघडताच मान न हलवता नजर नळीच्या रेषेत आली पाहिजे. दस्ता लांब असेल तर काखेत अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर आपटतो. बहुतेक दस्ते सरासरी उंचीच्या पुरुषाच्या मापाने घडवलेले असतात. मुली आणि किशोरांना ते सहसा लांब पडतात. मुलीला नेम जमत नाही असे म्हणण्याआधी दस्ता मोजावा.

आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो, शिवाय ती महागही असते. म्हणून आधी क्लबच्या दोन-तीन बंदुका प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरून पाहाव्यात. आपले माप कळले, की मगच खरेदीचा विचार करावा.