स्लम सॉकर
नागपूर येथील क्रीडा विकास संस्थेचा, वंचित वस्त्यांतील मुलामुलींना फुटबॉलची तालीम देणारा उपक्रम. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी, भर पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळण्यात तल्लीन झालेली मुले पाहून, त्यांच्या हाती चेंडू दिला आणि २००१ मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ स्पर्धा भरविली. बेघरांच्या विश्वचषकासाठी भारतीय संघ सिद्ध करणाऱ्या या संस्थेत पूर्वीचे खेळाडूच पुढे प्रशिक्षक होतात. या विश्वचषकातील चौघांच्या संघरचनेत प्रत्येकाच्या पायाशी चेंडू वारंवार येतो व नवशिक्याचाही संकोच सुटतो. २०१६ मध्ये उपक्रमास फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट बारसे यांच्या कार्यावर आधारित आहे.