बिल्ड कुठे अडला?

१९७६ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन नशिबाला बोल लावत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. जॉन्सन काही नवशिके नव्हते. 'याक' हे गाजलेलं साधन त्यांचंच. पण त्यांची अख्खी सकाळ एका निर्दोष प्रोग्राममधला दोष शोधण्यात गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. जुनी ऑब्जेक्ट फाइल जोडून तयार झालेला प्रोग्राम जुनीच चूक इमानेइतबारे करत होता. फेल्डमन यांची आदली संध्याकाळही अशाच घोळात गेली होती. त्या शनिवार-रविवारी त्यांनी 'मेक' लिहिलं.

मेकची युक्ती साधी होती. कोणती फाइल कशापासून बनते ते एकदा लिहून ठेवायचं. मूळ फाइलची वेळ बनलेल्या फाइलच्या वेळेपेक्षा नंतरची असेल, तर तेवढाच भाग पुन्हा बनवायचा. विसरभोळेपणावर हा रामबाण उपाय होता. पण त्याच साधनाने एक नवं दुखणंही जन्माला घातलं. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. टॅबच्या जागी स्पेस पडल्या, तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही आणि मेक मात्र 'मिसिंग सेपरेटर' म्हणून अडून बसतं. ही चूक फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यातले बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली मोडायचं फेल्डमन यांच्या जिवावर आलं. त्या डझनभरांची गैरसोय टळली. पुढच्या लाखोंनी टॅब शोधण्यात संध्याकाळी घालवल्या. २००३ मध्ये एसीएम या संस्थेने मेकसाठी फेल्डमन यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला, तेव्हाही टॅब होता तिथेच होता.

जावा आली आणि मेकची अडचण वेगळीच झाली. सीच्या जगात एका मूळ फाइलची एक ऑब्जेक्ट फाइल बनते. जावात एका फाइलमधून चार-पाच क्लास फाइली निघू शकतात, आणि कंपायलरला सगळ्या फाइली एकदम दिलेल्या आवडतात. दर फाइलमागे कंपायलर नव्याने सुरू केला तर बिल्ड रेंगाळतो. त्यात जावाचं ब्रीदच 'कुठेही चालेल' असं, आणि मेकफाइलमधल्या आज्ञा मात्र युनिक्सच्या. विंडोजवर त्यांना कोणी विचारत नसे.

सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांना हे १९९९ च्या सुमारास चांगलंच जाणवलं. जो सर्व्हर पुढे 'टॉमकॅट' म्हणून प्रसिद्ध झाला, तो तेव्हा मुक्त स्रोत होऊन अपाची संस्थेकडे चालला होता. सनच्या सोलारिस यंत्रांवर तो मेकने बनत असे. पण तो जगात कोण कोणत्या यंत्रावर बनवणार, यावर आता कोणाचाच ताबा राहणार नव्हता. टॅबचा छळ त्यांनीही भरपूर सोसला होता. म्हणून त्यांनी खुद्द जावातच एक छोटं साधन लिहिलं आणि त्याला 'अँट' म्हटलं. जुलै २००० मध्ये ते टॉमकॅटपासून सुटं होऊन स्वतंत्रपणे बाहेर पडलं. त्याच्या सूचना एक्सएमएलमध्ये लिहायच्या होत्या. एक्सएमएल तेव्हा जोरात होतं. पुढे बिल्डफाइली हजार-हजार ओळींच्या झाल्या, तेव्हा आपली निवड फारशी बरी नव्हती हे डेव्हिडसन यांनी मोकळेपणाने कबूल केलं.

टॅब गेला, पण अँटने आपले स्वतःचे आजार आणले. सर्वांत परिचित तक्रार कंपायलर ज्यात असे त्या 'टूल्स.जार' फाइलची. यंत्रावर जावा असते, कमांड दिली की आवृत्तीही दिसते, आणि अँट मात्र कंपायलर सापडत नाही म्हणतं. कारण जावा दोन रूपांत मिळत असे: नुसती प्रोग्राम चालवणारी जेआरई आणि कंपायलरसह येणारी जेडीके. 'जावा होम' हे पर्यावरण-चल जेआरईकडे बोट दाखवत असेल, तर तिथे कंपायलर मुळातच नसतो. अँटचा संदेश हीच शक्यता 'कदाचित' म्हणून सुचवत असे, आणि तरी माणसं आधी स्वतःचा कोड तपासत. पुण्यात काय आणि बंगळुरूत काय, त्या काळात जावा शिकलेल्या कुणालाही विचारा. २०१७ च्या जावा ९ ने 'टूल्स.जार' ही फाइलच काढून टाकली. मग नवी गंमत सुरू झाली: ज्या जुन्या बिल्डफाइलींनी तिचा पत्ता हाताने लिहून ठेवला होता, त्या आता जेडीके असूनही अडू लागल्या.

दुसरा आजार जास्त फसवा होता, कारण त्यात बिल्ड यशस्वी झाल्याचं सांगत असे. अँटचं कंपाइल करण्याचं काम फाइलींच्या वेळा बघतं. कोणता क्लास कोणावर अवलंबून आहे ते बघत नाही. उलट जावाचा कंपायलर 'स्टॅटिक फायनल' स्थिरांकांची मूल्यं वापरणाऱ्या क्लासमध्येच कोरून टाकतो. समजा एका फाइलमधली मर्यादा १० वरून २० केली. ती फाइल पुन्हा कंपाइल होते, पण ती मर्यादा वापरणारी दुसरी फाइल हात न लागल्यामुळे तशीच राहते, आणि तिच्या पोटात १० च असतात. जॉन्सन यांची वाया गेलेली सकाळ २५ वर्षांनी अशी जावाच्या दारी हजर झाली. अवलंबन बघायला अँटला 'डिपेंड' नावाचं कामही जोडलेलं होतं, पण असे कोरलेले स्थिरांक त्यालाही दिसत नसत. प्रत्यक्षात लोक सगळं पुसून पुन्हा बनवत. 'आधी क्लीन करून बघ' हा सल्ला तिथूनच अंगवळणी पडला, आणि खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा कारण न शोधण्याचाच सल्ला असतो.

दरम्यान बिल्ड माणसाच्या हातातून सुटून सर्व्हरवर गेला. थॉटवर्क्स कंपनीतून २००१ मध्ये 'क्रूझकंट्रोल' आलं. काही वर्षांनी सनमधल्या कोह्सुके कावागुची यांनी 'हडसन' लिहिलं, तेही बिल्ड मोडण्याचा मान वारंवार आपल्याकडेच येतो म्हणून. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी नावावरून वाद झाल्यावर २०११ मध्ये त्याचंच 'जेंकिन्स' झालं. कावागुची जपानी, आणि जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळाच म्हणतात, म्हणून यशस्वी बिल्डचा गोळा हिरवा नव्हे, निळा असे. ज्यांना ते बघवेना, त्यांनी हिरव्या गोळ्यांचं वेगळं प्लगइन केलं. सर्व्हरमुळे एक मात्र झालं. 'माझ्या मशीनवर चालतं' हे उत्तर चालेनासं झालं.

तोवर 'मेव्हन'ने खेळाचं मैदानच बदललं होतं. जेसन व्हॅन झील यांच्या पुढाकाराने आलेल्या मेव्हनची १.० आवृत्ती २००४ ची, आणि खऱ्या अर्थाने पसरलेली २.० ऑक्टोबर २००५ ची. अँटच्या काळात लागणाऱ्या लायब्ररींच्या जार फाइली, म्हणजे क्लास फाइलींचे झिप गठ्ठे, लोक 'लिब' नावाच्या फोल्डरमध्ये जमवत. मेव्हनमध्ये फक्त नाव आणि आवृत्ती लिहायची. जार इंटरनेटवरच्या केंद्रीय भांडारातून येते. एकाला आवतण दिलं की त्याचं सगळं गोत पंगतीला येतं, तसं प्रत्येक जारबरोबर तिला लागणाऱ्या जारही येतात. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या, तर अवलंबनाच्या झाडात आपल्याला जवळची असलेली निवडली जाते, मग ती जुनी का असेना. बिल्ड सुरळीत पार पडतो आणि प्रोग्राम चालताना 'नोसचमेथडएरर' येते. यावर 'डिपेंडन्सी ट्री' छापून तो वाचणे हाच मार्ग, आणि तो कंटाळवाणा आहे. हान्स डॉक्टर यांच्या 'ग्रेडल'ने उलटा नियम घेतला: सर्वांत नवी आवृत्ती जिंकते. त्यामुळे तोच प्रकल्प मेव्हनवरून ग्रेडलवर नेला की कोडची एक ओळही न बदलता वेगळी जार पदरात पडू शकते.

मेव्हनचं घरातलं भांडार अपयशही लक्षात ठेवतं. नेट क्षणभर गेलं आणि जार मिळाली नाही, तर ती मिळाली नसल्याची नोंद होते, आणि ठरावीक मुदत संपेपर्यंत मेव्हन पुन्हा विचारतच नाही. बळजबरीने विचारायला लावायचं, तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. कार्यालयातल्या प्रॉक्सीची करामत याहून भारी. ती जारऐवजी लॉगिनचं पान पाठवते, ते पान जारच्या नावाने जतन होतं, आणि दुसऱ्या दिवशी झिप फाइल उघडत नसल्याची तक्रार येते. अशा वेळी जावाचं कितीही ज्ञान असो, ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघणाराच लवकर सुटतो.

आता कोणी कोडला हात न लावताही बिल्ड मोडू लागले. जून २०१८ मध्ये केंद्रीय भांडाराने टीएलएस १.२ पेक्षा जुने प्रोटोकॉल बंद केले. जावा ७ ला १.२ येत होता, पण आपण होऊन ती तो वापरत नसे. 'प्रोटोकॉल व्हर्जन' असा त्रोटक संदेश टाकून बिल्ड बंद पडे. उपाय आज्ञेतल्या एका पर्यायाचा होता, फक्त तो सुचायला हवा. १५ जानेवारी २०२० पासून साधं एचटीटीपीही थांबलं. ज्यांच्या फाइलींत पत्ता 'एस' शिवाय लिहिलेला होता, त्यांना '५०१ एचटीटीपीएस रिक्वायर्ड' मिळालं. हा संदेश मात्र या सगळ्या इतिहासातला सर्वांत सरळ म्हणायला हवा: त्यात काय चुकलं आणि काय करायचं, दोन्ही होतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जेफ्रॉग कंपनीने आपली बिनट्रे ही सेवा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिच्याबरोबर 'जेसेंटर' हे भांडारही जाणार होतं, आणि अँड्रॉइडच्या असंख्य प्रकल्पांच्या ग्रेडल फाइलींत तेच नाव होतं. कंपनीने नंतर जेसेंटर केवळ वाचण्यापुरतं चालू ठेवलं, पण नवी आवृत्ती तिथे येणार नव्हती. बहुतेकांचं काम एका ओळीत 'मेव्हनसेंट्रल' लिहून भागलं. ज्या लायब्ररी फक्त जेसेंटरवरच होत्या, त्यांच्यासाठी लोकांना मूळ लेखकाला गाठावं लागलं, नाहीतर जुना कोड उतरवून घेऊन स्वतःच बिल्ड करावा लागला.