निवळलेली हवा आणि सायवनची चूल

हवेविषयींची लोकांची समजूत हा इतिहासाचा विषय होऊं शकतो, हें प्रथमदर्शनीं कोणास खरें वाटणार नाहीं. तथापि साथ आली कीं मनुष्याचें लक्ष हवेकडे जातें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां त्याचा जंतु हाँगकाँग येथें सांपडून दोन वर्षें झालीं होतीं. तरी कुंद हवेंतून रोग उपजतो ही जुनी समजूत गेली नव्हती. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले, ते दाट वस्तींत समुद्राचा वारा खेळावा याहि हेतूनें.

२०२० सालीं नेमकें उलट झालें. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि हवेच्या भीतीनें तोंडास फडकें बांधलेले लोकच तिची स्तुति करूं लागले! एप्रिलच्या आरंभीं जालंदरच्या गच्च्यांवरून धौलाधारचीं हिमशिखरें दिसलीं. तीं छायाचित्रें घरोघर पोंचलीं. मोठ्या शहरांत सूक्ष्म धूलिकण व नायट्रोजन डायऑक्साइड उतरल्याचें यंत्रांनींहि दाखविलें. लोकांची दृष्टि खोटी नव्हती, अपुरी होती. कित्येक शहरांत जमिनीलगतचा ओझोन त्याच काळांत वाढला. तो डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून त्याची चर्चाहि फारशी झाली नाहीं.

डहाणूकरांस हवेची परीक्षा नवी नव्हती. १९९१ सालीं केंद्र सरकारनें हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला, आणि पुढें चारच वर्षांनीं तेथील खाडीलगत ५०० मेगावॉटचें कोळशाचें वीजकेंद्र चालू झालें! बागाईतदार चिकूच्या फळावरून हवेचा निवाडा करीत व तक्रारी मांडीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १९९६ सालीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें. त्यानें आग्रह धरला, आणि चिमणींतील वायूंतून गंधक समुद्राच्या पाण्यानें धुऊन काढणारी यंत्रणा अखेर २००७ सालीं बसली. अशा रीतीनें चिकूची साक्ष दप्तरांत नोंदली गेली, ही गोष्ट आम्हांस धौलाधारच्या छायाचित्रांहून मोठी वाटते.

पण याच तालुक्याच्या अंतर्भागांत, बागाइती किनाऱ्यापासून दूर, सायवन आहे. तिकडील आदिवासी पाड्यांवर हवा म्हणजे प्रथम घरांतली हवा. चुलींत सरपण जळतें, धूर कौलांतून वाट काढीत बाहेर जातो; तोंवर तो फुंकणी धरलेल्या बाईच्या व तिच्याजवळच्या पोराच्या छातींत शिरतो. शहरांत ज्या सूक्ष्म कणांची मोजदाद होते, तेच कण या धुरांत असतात. टाळेबंदीनें मोटारी थांबल्या, चूल कशी थांबणार? उलट वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर गेलेलीं माणसें परतलीं, तशीं खाणारीं तोंडें वाढलीं. भट्टी थंडावली म्हणजे शहराची हवा निवळते हें खरें. मजुराच्या हिशेबीं तो बुडालेला रोज असतो. स्वच्छ आकाशाचें कौतुक करणाऱ्या आम्हां पगारदारांस हा हिशेब मांडावा लागला नाहीं.

गॅसजोडणीची उज्ज्वला योजना २०१६ पासून होती, आणि एप्रिल ते जून २०२० साठीं सरकारनें त्या कुटुंबांस तीन टाक्या मोफत देऊं केल्या. ती मदत योग्य वेळीं आली, यांत शंका नाहीं. परंतु त्यापुढची टाकी रोकडीनें भरावयाची, आणि रोकड तर भट्टीबरोबरच थंडावलेली.